उत्तरेकडील उन्मत्त वीर : बेर्सेर्क

मराठींत 'वीरश्री' आणि 'उन्माद' हे दोन शब्द एकमेकांपासून दूर ठेवलेले आहेत. रणवाद्यें वाजूं लागलीं म्हणजे योद्ध्याच्या अंगांत संचारते ती वीरश्री. ती भूषणास्पद मानली जाते. ज्याला आपलें आणि परकें कळेनासें होतें त्याला झाला तो उन्माद. त्याची लोकांना भीति वाटते आणि कींवहि येते. परंतु युरोपच्या उत्तर भागांत, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलंड या देशांत, सुमारें हजार-अकराशें वर्षांपूर्वीं योद्ध्यांचा एक वर्ग असा होऊन गेला कीं, त्याच्या ठायीं या दोहोंमधील भिंतच नाहींशी झाली होती. त्या काळच्या नॉर्स भाषेंत या योद्ध्यांना 'बेर्सेर्क' म्हणत. हा शब्द इंग्रजींत अजून जिवंत आहे. रागानें बेभान झालेल्या माणसाला तो आजहि लावतात. मूळचे बेर्सेर्क मात्र नुसते शीघ्रकोपी लोक नव्हते. ते राजांचे निवडक वीर होते. आणि सुमारें अडीचशें वर्षांत त्याच वीरांचा तो आवेश कायद्याच्या दृष्टीनें शिक्षेला पात्र असा अपराध ठरला. सन्मानापासून अपराधापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, हें समजून घेण्यासारखें आहे.

बेर्सेर्कांचा अगदीं जुना उल्लेख एका राजस्तुतिपर काव्यांत सांपडतो. नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, हल्लींच्या स्टाव्हांगर शहराजवळ, हाफर्सफ्योर्ड नांवाची समुद्राची खाडी आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस या खाडींत हाराल्ड राजानें आपल्या प्रतिस्पर्ध्यांचा आरमारी लढाईंत मोड केला. आपल्या सुंदर केसांमुळें हा राजा इतिहासांत 'सुकेश हाराल्ड' या अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याच्या दरबारचा कवि थोर्ब्योर्न हॉर्नक्लोफी यानें या राजाचें गुणवर्णन एक डोमकावळा आणि एक युद्धदेवता यांच्या संवादाच्या रूपानें केलें आहे. लढाईच्या वर्णनांत बेर्सेर्कांच्या आरोळ्या येतात, आणि त्यांच्याच जोडीला लांडग्याचीं कातडीं पांघरलेले वीर भाले परजतांना दिसतात. अशा निधड्या माणसांवरच शहाणा राजा भिस्त ठेवतो, असा त्या काव्याचा सूर आहे. पुढें लिहिल्या गेलेल्या एगिलच्या सागेंत तर राजाच्या जहाजाच्या नाळेवर, म्हणजे शत्रूचा पहिला घाव जेथें पडावयाचा तेथें, बारा बेर्सेर्क उभे होते असें सांगितलें आहे. सागा म्हणजे आइसलंडमधील जुन्या घराण्यांच्या आणि राजांच्या गद्य कथा. तात्पर्य, आरंभीं बेर्सेर्काची जागा सैन्याच्या अग्रभागीं आणि राजाच्या निकट होती.

आतां या शब्दाचा अर्थ पाहूं गेल्यास, 'सेर्क' म्हणजे अंगरखा, याविषयीं वाद नाहीं. 'बेर' या पूर्वपदाविषयीं मात्र पंडितांत मतभेद आहे. त्याचा एक अर्थ अस्वल; तो घेतला तर बेर्सेर्क म्हणजे अस्वलाच्या कातड्याचा अंगरखा घालणारा. दुसरा अर्थ उघडा. तो घेतला तर चिलखतावांचून उघड्या अंगानें लढणारा. दुसऱ्या अर्थाला आइसलंडचा थोर इतिहासकार स्नोरी स्तुर्लुसोन (११७९–१२४१) याच्या लेखनाचा आधार मिळतो. पहिल्या अर्थाला आधार मिळतो तो वर सांगितलेल्या लांडग्याच्या कातड्याच्या वीरांचा. त्यांचें नांव 'उल्फहेद्नार' असें असून त्याचा अर्थ लांडग्याचें कातडें पांघरणारे असा स्पष्टच आहे. ज्यांच्या शेजारीं लांडगे उभे त्यांना अस्वलें म्हणणेंच अधिक शोभतें, असें पुष्कळ अभ्यासकांना वाटतें.

स्नोरीनें या वीरांचा संबंध ओदिन या देवाशीं जोडला आहे. ओदिन हा युद्धाचा, काव्याचा आणि मृत्यूचा देव. त्याचें नांवच आवेश या अर्थाच्या शब्दापासून झालेलें आहे. स्नोरीच्या सांगण्याप्रमाणें ओदिनचे लोक चिलखत न घालतां रणांत शिरत, पिसाळलेल्या कुत्र्यांसारखे वा लांडग्यांसारखे होत, स्वतःच्या ढाली दांतांनीं चावीत, आणि त्यांच्या अंगीं अस्वलाचें किंवा बैलाचें बळ येई. अग्नि आणि लोखंड यांची त्यांच्यापुढें मात्रा चालत नसे. या अवस्थेला नॉर्स भाषेंत स्वतंत्र नांव होतें. 'बेर्सेर्कांची चाल' असा त्याचा शब्दशः अर्थ होतो.

हें वर्णन केवळ कवींच्या आणि इतिहासकारांच्या लेखणींतच राहिलें असतें तर तें कल्पनेचा खेळ म्हणून सोडून देतां आलें असतें. पण त्याला धातूची आणि हस्तिदंतासारख्या दांताचीहि साक्ष आहे. १८७० सालीं स्वीडनच्या ओलांड बेटावर तोर्सलुंडा येथें कांशाचे चार ठसे सांपडले. शिरस्त्राणावर बसवावयाच्या पातळ पत्र्यांवर चित्रें उठविण्यासाठीं ते केलेले होते, आणि त्यांचा काळ सहावें-सातवें शतक, म्हणजे हाराल्डच्याहि पूर्वींचा आहे. त्यांतील एका ठशावर शिंगांचें शिरस्त्राण घातलेला एक पुरुष नाचत आहे, आणि त्याच्या शेजारीं लांडग्याचें कातडें पांघरलेला योद्धा भाला घेऊन उभा आहे. दुसरी साक्ष बुद्धिबळाच्या पटावरची आहे. स्कॉटलंडच्या वायव्येस लुईस नांवाचें बेट आहे. तेथें १८३१ मध्यें वॉलरस या समुद्रप्राण्याच्या सुळ्यांतून कोरलेलीं बाराव्या शतकांतील बुद्धिबळाचीं मोहरीं सांपडलीं. त्यांतील बहुतेक आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें असून कांहीं एडिंबरोच्या संग्रहालयांत आहेत. आपल्याकडे पटाच्या कोंपऱ्यांत हत्ती असतो. त्या डावांत त्याच्या जागीं पायदळाचा शिपाई आहे, आणि त्यांपैकीं कांहीं शिपाई डोळे वटारून आपल्याच ढालीची कड दांतांनीं चावीत आहेत! खेळांतील सोंगटीवर जें चित्र कोरलें जातें तें लोकांच्या चांगल्या परिचयाचें असलें पाहिजे, यांत शंका नाहीं.

येथें एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. हॉर्नक्लोफीचें काव्य लढाईच्या काळांतलें आहे. सागा बहुतेक तेराव्या-चौदाव्या शतकांत लिहिल्या गेल्या. मध्यंतरीं, सुमारें इ. स. १००० मध्यें, आइसलंडनें ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यामुळें सागांतील बेर्सेर्क हे दोन-तीनशें वर्षांच्या अंतरावरून आणि नव्या धर्माच्या दृष्टीनें पाहिलेले बेर्सेर्क आहेत. त्यांतील प्रत्येक प्रसंग घडलाच असें नव्हे; पण त्या समाजाला या माणसांविषयीं काय वाटत होतें, हें सागांइतकें चांगलें दुसरें कोणीहि सांगत नाहीं.

सागांवरून या अवस्थेचे तीन टप्पे दिसतात. प्रथम अंगांत कांहीं संचारूं लागल्याचें त्या माणसाला कळतें. मग गुरगुरणें, ढाल चावणें आणि बेभान मारामारी. आणि शेवटीं विलक्षण थकवा. आर्नग्रिम नांवाच्या योद्ध्याच्या बारा मुलांविषयीं असें सांगतात कीं, उन्मादाच्या भरांत त्यांच्या हातून स्वतःच्याच माणसांची हत्या झाली होती. तेव्हांपासून, आवेश येतोसें वाटलें कीं ते जहाजांतून किनाऱ्यावर उतरत आणि मोठमोठ्या वृक्षांशीं किंवा शिळांशीं झोंबत. थकव्याचें उदाहरण एगिलच्या आजोबांचें आहे. त्यांचें नांव क्वेल्डउल्फ, म्हणजे सायंकाळचा लांडगा. दिवसां ते शहाणे गृहस्थ आणि कुशल शेतकरी. संध्याकाळ झाली कीं मात्र ते झांपड आल्यासारखे होत, आणि त्यांच्याशीं कोणाला बोलतां येत नसे. राजा हाराल्डनें त्यांच्या एका मुलाला ठार मारलें. त्याचा सूड घेतांना म्हाताऱ्याला उन्माद चढला आणि त्यांनीं जहाजावर भयंकर कापाकापी केली. पण आवेश ओसरतांच ते अंथरुणाला खिळले आणि आइसलंडच्या वाटेवरच मरण पावले.

हा उन्माद कशानें येत असावा, याविषयीं अनेक तर्क झाले आहेत. १७८४ मध्यें सॅम्युएल ओडमान या स्वीडिश धर्मोपदेशकानें असें सुचविलें कीं, लाल रंगाच्या आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या विषारी भूछत्राचें सेवन करून हे लोक बेभान होत असावेत. सैबेरियांतील कांहीं जमाती तें भूछत्र खातात, हें प्रवाशांच्या वृत्तांतांवरून त्याला ठाऊक होतें. ही कल्पना फार लोकप्रिय झाली. पुढें २०१९ मध्यें एका संशोधकानें भूछत्रापेक्षां खुरासनी ओंव्याकडे बोट दाखविलें. त्याच्या विषानें माणूस चवताळतो, वेदना कमी जाणवतात, आणि ओळखीचे चेहरेहि ओळखूं येत नाहींत. डेन्मार्कमध्यें फिरकाट येथील दहाव्या शतकाच्या अखेरच्या एका थडग्यांत या वनस्पतीचें बीं खरोखरच सांपडलें आहे. परंतु तें थडगें योद्ध्याचें नव्हे, एका स्त्रीचें आहे. शिवाय लढाईपूर्वीं बेर्सेर्क कांहीं विशेष पदार्थ खात वा पीत, असें कोणतीहि सागा सांगत नाहीं. उलट सागांच्या मतें हा गुण घराण्यांतून उतरतो. माणसाला एकाहून अधिक रूपें असतात आणि आवेशांत त्याच्यांतील पशु बाहेर पडतो, अशी त्या लोकांची समजूत होती. समूहांत आरोळ्या मारून, कातडीं पांघरून आणि स्वतःला पशु समजून माणूस किती बदलतो, हें ज्यानें कोणाच्या 'अंगांत येतांना' पाहिलें असेल त्याला वेगळें सांगावयास नको. औषधाचा शोध चालूं राहो. पण औषधानें फार तर उन्मादाचा उगम कळेल. त्या उन्मादाचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न औषधाचा नव्हता, समाजाचा होता.

या प्रश्नाचें सर्वांत बोलकें उत्तर आइर्बिग्या सागेंत आहे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नॉर्वेवर हाकोन नांवाचा यार्ल, म्हणजे मांडलिक, सत्ता चालवीत होता. त्याच्यापाशीं हाल्ली आणि लाइक्निर हे दोन स्वीडिश बेर्सेर्क बंधु होते. आइसलंडचा व्हेर्मुंड नांवाचा शेतकरी पाहुणा म्हणून आला असतां त्यानें या दोघांची मागणी केली. घरीं शेजाऱ्यांशीं आणि भावाशीं कुरबुरी चालत. असे दोघे पदरीं असले म्हणजे आपला दरारा वाढेल, असा त्याचा हिशेब. यार्लनें त्याला सावध केलें : ही माणसें सत्ताधीशाच्या धाकांत राहणारीं; शेतकऱ्याला तीं आवरणार नाहींत. व्हेर्मुंडनें ऐकलें नाहीं. घरीं पोंचल्यावर हाल्लीनें आपल्याला चांगल्या कुळांतील बायको पाहून द्यावी असा हट्ट धरला. अशा माणसाला मुलगी कोण देणार ? व्हेर्मुंड टाळाटाळ करूं लागला तशी हाल्लीची नजर फिरूं लागली. शेवटीं व्हेर्मुंडनें ही भेट आपल्याच भावाच्या, स्तिरच्या, गळ्यांत घातली.

तेथेंहि तेंच झालें. हाल्लीनें स्तिरच्या मुलीला, आस्दीसला, मागणी घातली. स्तिर स्वतः आडदांड माणूस; पण त्यालाहि उघड नकार देण्याचा धीर झाला नाहीं. त्यानें स्नोरी नांवाच्या चतुर पुढाऱ्याचा सल्ला घेतला. हा पुढारी इतिहासकार स्नोरीच्या दोनशें वर्षें आधींचा. सल्ला ठरला, आणि स्तिरनें अट घातली : दोन भावांच्या शेतांमध्यें जें काळ्या ज्वालारसाचें ओसाड रान आहे त्यांतून वाट काढावी, कुंपणाची भिंत घालावी, आणि गुरांसाठीं कोंडवाडा बांधावा, मग लग्न. बेर्सेर्कांनीं कामाचा सपाटा लावला. ते राबत असतांना आस्दीस आपलीं उत्तम वस्त्रें लेऊन शेजारून गेली, पण त्यांच्याशीं एक शब्द बोलली नाहीं. काम संपलें तेव्हां दोघेहि गलितगात्र झाले होते. आवेश उतरल्यावर अशा माणसांचें असेंच होतें, असें सागाच सांगते. स्तिरनें मोठ्या प्रेमानें त्यांना जमिनींत खणलेल्या ऊन स्नानगृहांत पाठविलें, दार बंद केलें, आणि वरून पाणी ओतून आंत असह्य वाफ केली. दारापुढें बैलाचें ओलें कातडें पसरलेलें होतें. दार फोडून हाल्ली बाहेर आला तो त्यावर घसरून पडला आणि तेथेंच मारला गेला. लाइक्निरला दारांतच भाल्यानें भोंसकलें. आस्दीसचें लग्न पुढें झालें तें सल्लागार स्नोरीशीं ! या कथेंत दोन्ही बाजूंनीं न्याय नाहीं. परंतु सत्तेच्या पदरीं जें शोभलें तें शेताच्या बांधावर चालेना, हा तिचा अर्थ स्पष्ट आहे.

ज्यांना धनी उरला नाहीं असे बेर्सेर्क याहून वाईट मार्गाला लागले. त्या काळीं द्वंद्वयुद्धाचें आव्हान देऊन तंटा मिटविण्याची रीत होती. बेर्सेर्क एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या दारीं येई आणि त्याची मुलगी किंवा मालमत्ता यांसाठीं त्याला द्वंद्वाला बोलावी. नाकारावें तर मान जाई, स्वीकारावें तर प्राण. ग्रेत्तिरच्या सागेंत असाच स्नेकोल नांवाचा बेर्सेर्क घोड्यावर बसून एका नॉर्वेजियन शेतकऱ्याची मुलगी मागावयास येतो. नेहमींचा धाक घालण्यासाठीं तो ओरडत ढालीची कड दांतांत धरतो. पाहुणा म्हणून आलेला ग्रेत्तिर शांतपणें पुढें होतो आणि ढालीला खालून अशी लाथ मारतो कीं स्नेकोलचा जबडाच फाटतो. मग त्याला घोड्यावरून खालीं ओढून त्याचें डोकें उडवितो. ज्या खुणेनें एके काळीं शत्रूच्या छातींत धडकी भरे, ती ढाल चावण्याची खूणच येथें बेर्सेर्काच्या नाशाला कारण झाली. याच सागेंत असेंहि म्हटलें आहे कीं, अकराव्या शतकाच्या आरंभीं यार्ल हाकोनचाच मुलगा एरिक यानें नॉर्वेंत अशीं द्वंद्वें बंद केलीं आणि बेर्सेर्कांना कायद्याच्या संरक्षणाबाहेर घालविलें. बापानें पदरीं बाळगलेल्यांना मुलानें हद्दपार केलें.

आइसलंडनें याहून विचारपूर्वक पाऊल टाकलें. तेथील जुन्या कायद्यांच्या 'ग्रागास' या संग्रहांत एक धर्मविषयक विभाग आहे. तो ११२२ ते ११३३ या काळांत सिद्ध झाला. मूर्तिपूजा आणि चेटूक यांच्या शेजारींच त्यांत बेर्सेर्क उन्मादाचें कलम आहे. ज्याला असा उन्माद होईल त्याला तीन वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा. पण कलम येथें थांबत नाहीं. जे लोक त्या वेळीं जवळ असतील त्यांनाहि तीच शिक्षा; मात्र त्यांनीं त्याला आवरून धरलें तर कोणालाच शिक्षा नाहीं. तोच प्रकार पुन्हां घडला तर मात्र हद्दपारी चुकत नाहीं. या थोड्याशा शब्दांत मोठें शहाणपण आहे. भोंवतालचे लोक भीतीनें वा कौतुकानें नुसते पाहत राहतात, म्हणून एका माणसाचा उन्माद माजतो, हें त्या कायदेकर्त्यांनीं ओळखलें होतें. त्यांनीं उन्मादाची जबाबदारी एकट्या उन्मत्ताकडे न ठेवतां शेजाऱ्यांकडेहि दिली, आणि ती पार पाडणाऱ्यांसाठीं सुटकेचें दारहि उघडें ठेवलें.

आवरणें म्हणजे काय, याचें एक हृद्य उदाहरण व्हात्न्सडालच्या सागेंत आलें आहे. त्या खोऱ्यांतील एका प्रतिष्ठित घराण्यांत थोर्स्टाइन, योकुल आणि थोरिर हे भाऊ होते. थोरिरला अधूनमधून बेर्सेर्कांचा झटका येई. एके दिवशीं घोड्यावरून जातांना तो म्हणाला कीं, भावांमध्यें आपणच हीन आहों. नको असतांना हें संकट आपल्यावर येऊन कोसळतें. कवीनें ज्याची स्तुति केली तोच गुण येथें एक माणूस व्याधीसारखा सांगत आहे. थोरल्या थोर्स्टाइननें त्याला दूर लोटलें नाहीं. ज्यानें सूर्य निर्माण केला त्या सामर्थ्यवान् देवाला आपण तुझ्यासाठीं साकडें घालूं, असें तो म्हणाला; आणि त्याच्या मोबदल्यांत, त्याच भागांत उघड्यावर टाकून दिलेलें एक तान्हें मूल थोरिरनें सांभाळावें असें ठरलें. तें मूल त्यांच्या नातलगाचें उपपत्नीपासून झालेलें होतें. भाऊ तेथें पोंचले तेव्हां बाळाच्या तोंडावर कापड होतें आणि तें बोटांनीं तें ओरबाडीत होतें. थोरिरनें त्याला घरीं नेऊन वाढविलें, आणि सागा सांगते कीं पुढें त्याला तो झटका कधींच आला नाहीं. तेंच मूल मोठेपणीं खोऱ्याचा पुढारी झालें. लेखकाला येथें येऊं घातलेल्या धर्माचा महिमा सांगावयाचा आहे, हें उघड आहे. तरी भावाचा आधार आणि हातांत दिलेलें एक असहाय जीवन, हा उपाय कोणत्याहि धर्माच्या माणसाला पटेल असाच आहे.

हाफर्सफ्योर्डच्या जहाजावरचा वीर, ज्वालारसाच्या रानांत राबणारा हाल्ली, ढाल चावीत आलेला स्नेकोल आणि खिन्न झालेला थोरिर, हे सारे बेर्सेर्कच. त्यांच्या अंगांत येणारा आवेश एकच होता. बदलला तो त्यांच्या भोंवतींचा समाज. जोंवर राजांना जहाजाच्या नाळेवर उभीं करावयास माणसें हवीं होतीं तोंवर उन्मादाला वीरश्रीचा मान मिळाला; तीं माणसें घरीं परतलीं तेव्हां त्यांचें ओझें मात्र राजांवर पडलें नाहीं, तें शेतकऱ्यांवर आणि त्यांच्या मुलींवर पडलें. म्हणून बेर्सेर्काचा निकाल अखेर रणांगणावर लागला नाहीं. तो गांवांत, कायद्यांत आणि घरांत लागला. आइसलंडच्या पश्चिम भागांत स्नेफेल्सनेस द्वीपकल्पावर 'बेर्सेर्कांचें ज्वालारसाचें रान' आजहि त्याच नांवानें ओळखलें जातें. दोन शेतांना जोडणारी त्यांतील जुनी अरुंद वाट अजून दिसते, आणि ती हाल्ली व लाइक्निर यांनीं काढली असें लोक सांगतात. त्यांनीं रणांत किती शत्रू मारले याची गणती कोणी ठेवली नाहीं. पण दोन घरांमध्यें त्यांनीं केलेली म्हणून दाखविली जाणारी वाट मात्र टिकून आहे.